अठरा पटाची शाळा कुणाच्या ताब्यात? एका गावाचं प्रकरण

हे प्रकरण कापूसपट्ट्यातल्या एका गावाचं आहे. गाव, तालुका आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मी तेव्हा त्या भागात शाळा व्यवस्थापन समित्यांच्या प्रशिक्षणाचं काम करत होतो, त्यामुळे बरंच डोळ्यांदेखत घडलं आणि काही चुकांत माझाही वाटा आहे.

पार्श्वभूमी

गाव दीडशे उंबऱ्यांचं. कापूस, तूर, सोयाबीन. गावाला लागून, पाऊण किलोमीटरवर कोलामांचा पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. दोन्ही वस्त्यांना मिळून जिल्हा परिषदेची एक शाळा, पहिली ते चौथी. गावातले म्हातारे अजून तिला 'जनपदची शाळा' म्हणतात, कारण जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या आणि त्याआधी इकडे जनपद सभा होत्या. म्हणजे शाळा जुनी, तिचे मालक मात्र बदलत आलेले.

२०२३ च्या जूनअखेर शाळा उघडली तेव्हा पट १८ होता. अकरा मुलं गावातली, सात पोडातली. ज्यांच्याकडे थोडाफार पैसा होता त्यांची मुलं आधीच तालुक्याच्या कॉन्व्हेंटला व्हॅनने जायला लागली होती. मंजूर शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेतच. प्रत्यक्षात मात्र एकच होते. दुसऱ्या गुरुजींना दोन वर्षांपासून तालुक्याच्या कार्यालयात माहिती भरण्याच्या 'कामगिरीवर' घेतलं होतं. पगार या शाळेच्या नावावर निघायचा आणि माणूस तिथे संगणकासमोर बसायचा. उरलेल्या गुरुजींकडे चार वर्ग, खिचडीचा हिशेब, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, आधारची कामं आणि मतदार यादीचंही काम होतं. ते आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीला गेले की त्या दिवशी शाळा खिचडी शिजवणाऱ्या काकूंच्या भरवशावर चालायची.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे अशा लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा, करण्याबाबत प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात साडेचौदा हजारांहून अधिक होत्या. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ यांचे दाखले दिले गेले. ही धास्ती गावाला नवी नव्हती. २०१७ च्या शेवटीही दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता आणि पलीकडच्या एका वस्तीची शाळा तेव्हाच गेली होती. दिवाळीच्या आसपास आपलीही शाळा यादीत आहे अशी बातमी गावात पसरली. मुलांना जावं लागणार होतं ती मोठी शाळा साडेतीन किलोमीटरवर, आणि मध्ये एक नाला. त्यावर पूल नाही, फक्त रपटा.

खरी अडचण

अडचण शाळा बंद होण्याची आहे असं सगळ्यांनाच वाटलं, मलाही. आज मी ती वेगळ्या शब्दांत मांडेन: शाळेबद्दल 'हो' किंवा 'नाही' म्हणायचा अधिकार कुणाकडे आहे, हे गावात कुणालाच सांगता येत नव्हतं.

शिक्षकाची भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून होते. पगार राज्याचा. नेमणूक आणि शिस्त जिल्हा परिषदेकडे, बदली ऑनलाइन. इमारत आणि जागा जिल्हा परिषदेची, पाणी आणि किरकोळ दुरुस्ती ग्रामपंचायतीकडे. रोजची देखरेख आणि शाळा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. समितीच्या हातात पडणारा पैसा म्हणजे संयुक्त शाळा अनुदान, तीस पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये. विजेचं बिल, खडू, रजिस्टर आणि एखादी चटई घेतली की ते संपतं.

हे तुकडे एकमेकांना जोडणारा दुवा पूर्वी जिल्हा परिषदेचा सदस्य असायचा. लोक आपल्या गटाच्या सदस्याच्या घरी जायचे, तो शिक्षण समितीत प्रश्न मांडायचा, अधिकाऱ्याला सभेत उत्तर द्यावं लागायचं. पण मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका झाल्या नाहीत आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. इथेही तेच. प्रस्ताव ज्या कचेरीतून जायचा, त्यावरचा आक्षेपही त्याच कचेरीत आणि निर्णयही तिथेच. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी पोकळी हीच होती. कुणी अधिकारी वाईट होता असं मी म्हणत नाही. आमच्या गटशिक्षणाधिकारी मॅडम सज्जन होत्या, पण त्यांना प्रश्न विचारणारं निवडून आलेलं माणूस जिल्ह्यात कुणी नव्हतं.

पर्याय

नोव्हेंबरात हनुमान मंदिराच्या ओट्यावर बैठक झाली. चार गोष्टी पुढे आल्या.

पहिली सरपंचांची: शाळा ग्रामपंचायतीच्या ताब्यात मागू, शिक्षक आपण आणू. याला आधार नाही असं नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक शिक्षण आहेच. महाराष्ट्रात मात्र ते जिल्हा परिषदेकडे राहिलं. मी त्या रात्री या मागणीच्या बाजूने बोललो. बोलताना माझं लक्ष मागे भिंतीला टेकून बसलेल्या पोडातल्या बायांकडे गेलं. एकही तोंड उघडत नव्हती. सात जणांच्या ग्रामपंचायतीत पोडाचा सदस्य एक. सरपंच 'शिक्षक आणू' म्हणताना कुणाच्या पुतण्याचा विचार करत होते ते गावाला ठाऊक होतं. गावाच्या ताब्यात म्हणजे गावातल्या कुणाच्या ताब्यात, हे त्या बाया मला न बोलता विचारत होत्या.

दुसरी गोष्ट, तालुक्यातल्या एका संस्थाचालकाचा निरोप: मुलं आमच्याकडे पाठवा, पहिलं वर्ष व्हॅनचे पैसे नाहीत. दुसऱ्या वर्षाचं त्याने सांगितलं नाही.

तिसरी, नागपूरला असलेल्या गावच्याच एका मुलाने सुचवलेली: शाळा दत्तक द्यावी. तशी शासनाची योजना त्याच सप्टेंबरात आली होती. देणगीदाराने वस्तुरूपात मदत करायची, हवं तर शाळेच्या नावाला आपलं नाव जोडायचं. अठरा पटाच्या शाळेला कुणी उद्योजक शोधत येईल असं कुणालाच वाटलं नाही, आणि तो आला तरी शिक्षक देऊ शकणार नव्हता. हा विषय तिथेच संपला.

चौथी, तरुणांची: टाळं ठोका. टीव्हीवाले येतील, साहेब येतील.

इथे जरा विषयांतर करतो, कारण हाच वाद अमेरिकेतल्या शिकागोसारख्या महानगरातही वर्षानुवर्षं चालला आहे. १९८८ च्या कायद्याने तिथे प्रत्येक शाळेला पालकांचं बहुमत असलेली परिषद मिळाली. मुख्याध्यापक निवडणं आणि काही निधी मंजूर करणं हे तिच्या हातात होतं. १९९५ मध्ये शहराचं शिक्षण मंडळ नेमण्याचा अधिकार महापौरांकडे गेला. लोकांनी वर्षानुवर्षं मागणी केल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंडळाच्या पहिल्या निवडणुका झाल्या, आणि पूर्ण निवडून आलेलं मंडळ जानेवारी २०२७ पासून. न्यूयॉर्कमध्येही २००२ मध्ये शाळांचा कारभार महापौरांकडे गेला आणि तिथेही त्यावर भांडण आहे. आमच्या अठरा पोरांचा आणि त्या लाखो मुलांचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. मला एक गोष्ट घेण्यासारखी वाटते. तिथल्या शाळा परिषदेला माणूस निवडण्याचा आणि थोडा पैसा वापरण्याचा खरा अधिकार होता. आपल्या समितीला 'देखरेख' आणि 'शिफारस' हे दोन शब्द मिळाले. मी प्रशिक्षणात मात्र 'शाळा तुमच्या ताब्यात आहे' असं सांगत फिरत होतो. ते खरं नव्हतं, आणि त्याचा परिणाम लगेच दिसला.

नऊ दिवसांचं टाळं

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शाळेला टाळं लागलं. शाळा तुमचीच असं ऐकलेल्या लोकांनी ते लावलं. नऊ दिवस राहिलं.

ते कापूस वेचणीचे दिवस होते. आया पहाटेच वावरात जायच्या. गावातली मुलं आजीजवळ राहिली. पोडातली सातही मुलं आयांबरोबर धुऱ्यावर गेली, दोन मोठी तर वेचायलाच लागली. शाळा बंद म्हणून खिचडी बंद. दुपारचं गरम जेवण हे त्या मुलांसाठी शाळेत येण्याचं मोठं कारण होतं, आणि ते सरकारने नव्हे, आपण बंद केलं होतं. टाळं लावायचं की नाही हे ठरवताना पोडातल्या एकालाही विचारलं नव्हतं.

टीव्हीवाले आले नाहीत. एका वर्तमानपत्राच्या तालुका पानावर चार ओळी आल्या. नवव्या दिवशी मॅडम आल्या, शाळा बंद होणार नाही असं सांगितलं, टाळं उघडलं, फोटो निघाला. कागद कुणी मागितला नाही. मीही नाही.

त्या नऊ दिवसांत गावातल्या पाच मुलांचे दाखले निघाले. व्हॅन दारात येत होती, मुलं घरी बसली होती. पालकांना मी दोष देणार नाही. पट १८ वरून १३ झाला. डिसेंबरच्या अहवालात वरच्यांनी काय लिहिलं? 'पालकांचा ओढा अन्यत्र.' शाळा वाचवायला लावलेलं टाळं शाळा बंद करण्याचा पुरावा झालं.

समिती कुणाची?

जानेवारीत समितीने विलीनीकरणाविरुद्ध ठराव केला आणि तो परत आला. समितीच वैध नव्हती. अध्यक्षांचा मुलगा आदल्या वर्षी चौथी पास होऊन गेला होता, म्हणजे ते शाळेचे पालक राहिले नव्हते. समिती दर दोन वर्षांनी नव्याने करायची असते, इथे चार वर्षं तीच यादी चालू होती. अधिकाराची भाषा बोलणाऱ्या आम्हा सगळ्यांना स्वतःची यादी तपासायचं सुचलं नाही.

नवी निवड करण्यासाठी पालक सभा घ्यायची होती. गुरुजींनी एक चांगली गोष्ट केली. सभा त्यांनी सकाळी शाळेत न घेता संध्याकाळी, वेचणीवरून बाया परतल्यावर, पोडात घेतली. तेरापैकी अकरा मुलांच्या घरून कुणी ना कुणी आलं. आम्हाला साडेतीन किलोमीटरचं अंतर माहीत होतं, पण त्यामागचा प्रश्न एका आईने मांडला:

"लेकरू साहा वर्साचं हाये, सर. नाल्याले पूर आला त म्या इकडं वावरात, थे तिकडं. कोन आनीन त्याले?"

अध्यक्ष म्हणून पोडातल्याच एका बाईंची निवड झाली. त्यांचा मुलगा दुसरीत होता. त्या स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या, कोलामी आणि मराठी दोन्ही सफाईने बोलणाऱ्या. गावातल्या दोन-तीन जणांना ते रुचलं नाही. सरपंच मात्र, आधीची सगळी बोलणी बाजूला ठेवून, त्यांच्या मागे उभे राहिले. माझ्या मते प्रकरण फिरलं ते इथे.

काय केलं

पहिलं काम त्यांनी मागायची गोष्ट बदलण्याचं केलं. 'शाळा बंद करू नका' ही मागणी मागे टाकून त्यांनी विचारलं, आमचे दुसरे गुरुजी कुठे आहेत? शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही. कार्यालयात माहिती भरणं यांपैकी कशातच बसत नव्हतं. हे कलम मी प्रशिक्षणात दहा वेळा वाचून दाखवलं होतं. ते अर्जात वापरायचं त्या बाईंना सुचलं, मला नाही.

२६ जानेवारी २०२४ च्या ग्रामसभेत तीन ठराव झाले: शिक्षक परत द्या, शाळा विलीन करू नका, आणि ग्रामपंचायतीने हातपंपापासून शाळेपर्यंत नळ आणावा. विलीनीकरणाविरुद्ध आधार होता तो अंतराचा. राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. वरून उत्तर आलं की वाहतूक भत्ता देता येईल. समितीने नाल्याचा मुद्दा काढला तर साहेबांनी विचारलं, वर्षातून किती दिवस पाणी असतं? कुणी म्हणालं आठ, कुणी म्हणालं महिनाभर. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि कागद जिथल्या तिथे थांबले. शाळेत होते तेवढे एकुलते गुरुजीही निवडणुकीच्या कामाला गेले.

२०२४ च्या पावसाळ्यात त्या बाईंनी घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या. रपट्यावरून पाणी वाहिलं तो दिवस गोल, सकाळी की संध्याकाळी तेही लिहिलेलं. जुलै ते सप्टेंबर, चौदा गोल. त्यातले पाच असे की सकाळी रस्ता कोरडा आणि दुपारनंतर पूर. म्हणजे शाळेत गेलेलं मूल संध्याकाळी पलीकडेच अडकलं असतं. कॅलेंडरची ती पानं २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या ठरावाला जोडून गेली. इतक्या वर्षांत मी पाहिलेल्या शाळा विकास आराखड्यांपेक्षा ती तीन पानं जास्त बोलकी होती.

निष्पत्ती

दुसरे गुरुजी उन्हाळी सुट्टीनंतर, २०२४-२५ चं सत्र सुरू होताना शाळेत रुजू झाले. बाहेर गेलेल्या पाचपैकी दोन मुलं परत आली, तीन आली नाहीत. तीन मुलं चौथी पास होऊन गेली, पहिलीत चार आली. पट १६ झाला. पुढच्या वर्षी १७. दोन शिक्षक झाल्यावर पहिली-दुसरी वेगळी बसू लागली. पोडातल्या लहान मुलांना पहिले काही महिने कोलामीतून सांगावं लागतं, ते काम समितीतल्या आया आळीपाळीने करतात. यासाठी कुठल्याही कागदावर तरतूद नाही.

शाळा विलीन झाली नाही. पण होणार नाही असंही कुणी लिहून दिलं नाही. माहितीच्या अधिकारात विचारलं तेव्हा 'अशी यादी या कार्यालयात उपलब्ध नाही' एवढं उत्तर मिळालं. नळ अजून आलेला नाही. आणि परत आलेले गुरुजी वर्षभराने ऑनलाइन बदलीत दुसऱ्या तालुक्यात गेले. ती बदली नियमाप्रमाणे होती, त्यांच्या कुटुंबाची गरज होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण इतकं भांडून मिळवलेला शिक्षक जाताना समितीला विचारणं राहिलं बाजूला, कळवलंही नाही. त्यांच्या जागी नवा माणूस यायला चार महिने लागले.

वेगळं काय करता आलं असतं

टाळं लावायला नको होतं, हे आता सगळेच म्हणतात. मी त्यात एवढंच घालेन की टाळ्याच्या आधी एक तास पोडात जाऊन बसलो असतो तर ते लागलंच नसतं. ज्यांची मुलं खिचडीवर जेवतात त्यांनी नाही म्हटलं असतं. मॅडम आल्या त्या दिवशी त्यांच्या सहीचं एक पत्र घ्यायला हवं होतं. त्या द्यायला तयार होत्या असं त्यांनीच नंतर मला सांगितलं. समितीची यादी दर जूनमध्ये, दाखल-खारीज रजिस्टर समोर ठेवून, तपासायला हवी होती. पाण्याच्या नोंदी वाद नसताना ठेवल्या असत्या तर जानेवारीतच उपयोगी पडल्या असत्या.

ताब्याबद्दल माझं मत या दोन वर्षांत बदललं. शिक्षकाची नेमणूक आणि पगार गावाकडे नसावा असं मी आता ठामपणे म्हणतो. ओट्यावरच्या त्या बैठकीत पोडातल्या बाया गप्प का बसल्या ते मी विसरलेलो नाही. नेमणूक बाहेरून, नियमाने झाली म्हणूनच गुरुजींना पोडात सभा घेता आली आणि कुणी त्यांना काही म्हणू शकलं नाही. पण तीन निर्णय समितीच्या लेखी संमतीशिवाय होऊ नयेत: शाळा बंद किंवा विलीन करणं, शिक्षकाला बाहेर कामगिरीवर पाठवणं, आणि शिक्षकाच्या बदलीनंतर दुसरा शिक्षक न देता जागा रिकामी ठेवणं. आणि या दोन टोकांच्या मध्ये निवडून आलेली जिल्हा परिषद हवी. २०२२ नंतर वर्षानुवर्षं ती नसणं हे आमच्यासारख्या गावांनी मुकाट्याने सोसलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक निवडणुका घ्यायला सांगितलं तेव्हा त्या अध्यक्ष बाईंनी मला फोन करून एकच विचारलं होतं: सदस्य आला की कॅलेंडर त्याला दाखवायचं का?

त्यांच्या समितीची मुदत जानेवारी २०२६ पर्यंतची. मुलगा २०२५-२६ मध्ये चौथीत, तो पास झाला की त्या शाळेच्या पालक राहत नाहीत. पहिलीतल्या एका मुलीच्या आईला त्या २०२५ च्या पोळ्यापासून सभांना सोबत आणू लागल्या. कॅलेंडरवर गोल आता ती आई करते.